क्रुगरच्या जंगलात सातबारा कोणाचा?



माझ्यासारखा कारकून आफ्रिकेतल्या श्रीमंती सफारीला कसा काय गेला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. आमच्या वसाहतीतही पडला होता. म्हणून आधी त्याचा खुलासा करतो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला इंजिनिअर आहे. त्याच्या कॉलेजच्या फीसाठी मी पतपेढीतून कर्ज काढले होते. ते कर्ज केव्हाच फिटले, पण भाचा विसरला नाही. दहा वर्षे नोकरी झाल्याबद्दल कंपनीने त्याला चौघांची सहा दिवसांची सहल बक्षीस दिली. तो, सूनबाई, आठ वर्षांची नात आणि चौथी जागा ताईची. पण ताईचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, "मला घरात चालवत नाही, जंगलात काय चालणार? मामाला ने. फी त्यानं भरली होती." आमच्या घरी धाकट्याची बारावी, म्हणून सौ. घरी थांबली. आणि मी निघालो.

मी हिशेबाचा माणूस. सहलीचे माहितीपत्रक हातात पडताच आधी दर पाहिला. एका माणसाचे एका रात्रीचे भाडे माझ्या महिन्याच्या पगाराला जाऊन भिडत होते. भाच्याने पत्रक माझ्या हातातून काढून घेतले. म्हणाला, "मामा, आता आकडे बघायचे नाहीत. प्राणी बघायचे."

प्राणी पाहिलेच. पण कागद आणि आकडे पाहायची सवय काही सुटली नाही. त्या सवयीमुळे जे कळले ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

थंडीतले रान

जोहान्सबर्गहून पहाटे निघालो. गाडी चालवणारा आणि वाट दाखवणारा एकच. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा गृहस्थ. सहाही दिवस तोच आमच्या सोबत होता. त्याची मातृभाषा त्सोंगा. पहिल्याच दिवशी त्याने नातीला सकाळचा नमस्कार शिकवला, 'अवुशेनी'. आभार मानायचे तर 'इन्कोमू'. स्वतःची ओळख करून देताना तो एवढेच म्हणाला, "मी मकुलेके लोकांपैकी. सहलीच्या शेवटी आपण माझ्या लोकांच्या जमिनीवर मुक्काम करू." त्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

क्रुगर राष्ट्रीय उद्यान दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सरहद्दीला लागून आहे. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठे. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. १८९८ मध्ये अध्यक्ष पॉल क्रुगर याच्या सरकारने दक्षिणेकडचा भाग शिकारीपासून राखीव केला. १९२६ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९२७ मध्ये पहिले पर्यटक आले, सबंध वर्षात अवघ्या तीन मोटारी. आज तिथे जगभरातून माणसे येतात.

तिकडचे ऋतू आपल्या उलट. आमची सहल ऑगस्टमध्ये होती, म्हणजे तिथल्या हिवाळ्याचा शेवट. गवत वाळलेले, झाडांची पाने झडलेली, त्यामुळे जनावर लांबून दिसते आणि पाण्यावर हमखास येते. पहाटे हाडे गोठवणारी थंडी आणि दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होईल असे ऊन.

पहिले दोन मुक्काम क्रुगरला लागून असलेल्या सॅबी सँड या खासगी राखीव रानात होते. दोन्ही रानांमधले कुंपण १९९३ मध्ये काढले, तेव्हापासून जनावरे मोकळी ये-जा करतात. आमच्या लॉजला तंबू म्हणत होते, पण त्या तंबूतली न्हाणी आमच्या घराच्या दोन खोल्यांएवढी. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, गरम कॉफी आणि मग उघड्या जीपमध्ये बसायचे. मांडीवर घोंगडी, घोंगडीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी. आपल्याकडे ती पिशवी कंबर धरल्यावर मिळते, इथे सिंह पाहण्यासाठी!

जीपच्या अगदी पुढे, बॉनेटच्या कडेला, एक छोटी खुर्ची बसवलेली असते. तिच्यावर माग काढणारा बसतो. आमच्या जीपवर बसलेला माणूस पन्नाशीचा होता. धुळीत उमटलेला एक ठसा पाहून त्याने हात वर केला. गाडी थांबली. तो खाली उतरला, वाकला, गवताच्या काड्या पाहिल्या आणि म्हणाला, "दोन सिंहिणी. पिल्ले बरोबर आहेत. उजाडायच्या आधी गेल्या." अर्ध्या तासाने कोरड्या ओढ्यात त्या सापडल्या. तीन पिल्ले आईच्या शेपटीशी खेळत होती. नात माझ्या कानात कुजबुजली, "आजोबा, यांची पण आई दमते का?" आम्ही सगळे पाच-सात मिनिटे श्वास रोखून बसलो. खोटे कशाला सांगू? तो आनंद पैशांत मोजता येणार नाही.

संध्याकाळी एक पांढरा गेंडा दिसला. नाकावर शिंग नाही, नुसता सपाट बुंधा. नात घाबरली, तिला वाटले त्याला लागले आहे. गाईडने समजावले की ते डॉक्टरांनी भूल देऊन मुद्दाम कापले आहे. गेंड्याचे शिंग म्हणजे आपली नखे आणि केस असतात त्याच जातीचा पदार्थ. औषधी म्हणून परदेशात त्याला सोन्यासारखा भाव येतो आणि त्यासाठी गेंडे मारले जातात. एकट्या २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. शिंगच नसेल तर जीव तरी वाचेल, म्हणून हा उपाय. याच भागात २०१३ पासून 'ब्लॅक माम्बा' नावाचे स्त्रियांचे गस्ती पथक काम करते. आसपासच्या वस्त्यांमधल्या तरुणी हाती बंदूक न घेता रानात पायी फिरतात, फासे शोधून काढतात, शाळांतल्या मुलांना शिकवतात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा गौरव केला. आमच्या भगिनींनी ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

त्या रात्री शेकोटीभोवती जेवण होते. जेवण झाले आणि सवयीने मी माझे ताट उचलून आत निघालो. वाढणारी बाई धावत आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होते, पण डोळ्यांत भीती. साहेबांनी पाहिले तर तिला बोलणी बसतील, असे ते डोळे सांगत होते. भाचा हळूच म्हणाला, "मामा, इथं ताट उचलायचं नसतं." मी ताट खाली ठेवले. रात्री मऊ गादीवर मला लवकर झोप लागली नाही.

झाडून साफ करणारा

तिसऱ्या दिवशी क्रुगरच्या मुख्य रानात शिरलो. तिथले मुख्य ठाणे स्कुकुझा. दुकाने, पेट्रोल पंप, ग्रंथालय, जवळच विमानतळ, असे छोटे गावच ते. नातीने विचारले, "स्कुकुझा म्हणजे काय?"

आमचा वाटाड्या थोडा थांबून म्हणाला, "झाडून साफ करणारा."

१९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाचा स्कॉटिश लष्करी अधिकारी या रानाचा वॉर्डन झाला. शिकारी बंद करून प्राणी वाढवण्याचे मोठे काम त्याने १९४६ पर्यंत केले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच वेळी सॅबीच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या काळ्या लोकांना त्याने बाहेर काढले. म्हणून त्या लोकांनी त्याला हे नाव दिले. पुढे सरकारने तेच नाव ठाण्याला दिले, जणू काही तो मानाचा किताब आहे. झाडून काढलेली माणसे कुठे गेली, त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी पर्यटक करत नाहीत. मीही केली नसती, वाटाड्याने सांगितले नसते तर.

उत्तरेकडे निघालो. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचे नाही असा नियम. त्यामुळे रान नीट पाहता येते. जिराफ रस्ता ओलांडताना आपल्याकडे असे पाहतो की जणू तो साहेब आणि आपण अर्जदार. हत्तींचा कळप आला की सगळ्या गाड्या मुकाट्याने थांबतात. झेब्रे आणि हरणे तर मोजायची सोडून दिली.

वाटेत बालुले नावाचा एक अगदी साधा कॅम्प लागला. थोड्या गोल झोपड्या, वीज नाही. वाटाड्याने गाडी तिथे मुद्दाम थांबवली. वर्णभेदाच्या काळात क्रुगरमधले चांगले कॅम्प गोऱ्यांसाठी होते. काळ्या आणि हिंदी पाहुण्यांसाठी कित्येक वर्षे एवढाच कॅम्प होता. चांगल्या कॅम्पांत काळा माणूस असे, पण स्वयंपाकी, झाडूवाला किंवा हमाल म्हणून. "माझा मामा इथून जवळच्या कॅम्पात चादरी धुवायचा," वाटाड्या म्हणाला. "धुतलेल्या चादरीवर झोपायची त्याला परवानगी नव्हती."

वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. मी त्या झोपडीच्या भिंतीला हात लावून पाहिला. वीस पावलांवर भाचा नातीचा फोटो काढत होता. तिचे जन्मगाव जोहान्सबर्ग. तिला या सगळ्याचे काहीच ओझे नाही, याचे मला बरे वाटले. पण ठाऊकही नाही, याची रुखरुख लागली. मग तिला जवळ बोलावून साध्या शब्दांत सांगितले. तिने एकच विचारले, "मग आपल्याला पण इथंच झोपावं लागलं असतं?" मी म्हणालो, "हो बाळा, इथंच."

त्या रात्री लेटाबाला मुक्काम झाला. तिथल्या संग्रहालयात मोठमोठ्या हत्तींचे सुळे मांडलेले आहेत. कॅम्पच्या आवारात पाने नसलेल्या बुटक्या झाडांवर गुलाबी फुले होती. हिवाळ्यातच फुलणारी इंपाला लिली ती.

काठावरचे पाफुरी

चौथ्या दिवशी मकरवृत्त ओलांडले. तशी पाटीच रस्त्याकडेला आहे. शाळेत नकाशावर काढलेली तुटक रेघ अशी प्रत्यक्ष भेटेल असे वाटले नव्हते. संध्याकाळी क्रुगरच्या अगदी उत्तर टोकाला पोहोचलो. या भागाचे नाव पाफुरी. एका बाजूला लिम्पोपो नदी, दुसऱ्या बाजूला लुवुव्हू. दोन्ही जिथे मिळतात तिथे दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि मोझांबिक असे तीन देश एकमेकांना भिडतात.

रान एकदम बदलते. हिरवट-पिवळ्या सालीची झाडे, बाभळीच्या जातीची, उजेडात चकाकतात. पूर्वी गोऱ्यांना वाटे की त्यांच्या सावलीत ताप येतो, म्हणून नाव पडले तापाचे झाड. ताप यायचा तो झाडामुळे नव्हे, तर ज्या दलदलीत ते वाढते तिथल्या डासांमुळे. गोरखचिंचेची प्रचंड झाडे तर दहा माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत. नदीत पाणघोडे फुसफुसत होते, वाळूत मगरी ओंडक्यासारख्या पडल्या होत्या.

लॉज नदीकाठी. स्वागताला आलेल्या बाईने हात पुढे केला आणि म्हणाली, "मकुलेके लोकांच्या जमिनीवर तुमचे स्वागत असो." तेव्हा कुठे पहिल्या दिवशीच्या वाक्याचा उलगडा होऊ लागला.

रात्री शेकोटीपाशी वाटाड्या पहिल्यांदा मोकळा बोलला. आपला शब्द न घालता त्याचे म्हणणे सांगतो.

दोन नद्यांमधल्या या त्रिकोणात मकुलेके लोक राहत होते. शेती, गुरे, मासेमारी, रानातली फळे यांवर त्यांचे चाले. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली अवघी ७ टक्के जमीन काळ्यांसाठी ठेवली. १९३६ मध्ये ती वाढवून १३ टक्के करायचे ठरले. बाकी सगळी जमीन गोऱ्यांची आणि गोऱ्यांच्या सरकारची. त्या सरकारला हा त्रिकोण उद्यानात हवा होता, आणि सरहद्दीवर काळ्यांची वस्ती नको होती. १९६९ मध्ये ट्रक आले, हत्यारी माणसे आली. सुमारे ३,००० लोकांना घरे सोडायला लावली. नुसती सोडायला नाही. ज्याने त्याने आपले घर आपल्याच हाताने पेटवायचे होते. मग ट्रकमध्ये भरून त्यांना दक्षिणेकडे न्टलावेनी या ठिकाणी नेऊन सोडले. आणि सुमारे २४,००० हेक्टर जमीन क्रुगरला जोडली गेली.

"आजीनं काडी लावली," वाटाड्या म्हणाला. "वडील तेव्हा लहान होते. त्यांना वाटलं, थंडी म्हणून शेकोटी केली."

कोणी काही बोलले नाही. सूनबाईने नातीला जवळ ओढले.

दगडांची साक्ष

दुसऱ्या दिवशी सकाळी लुवुव्हूच्या पलीकडच्या टेकडीवर थुलामेला पाहायला गेलो. बरोबर बंदूकधारी रक्षक, कारण वाटेत हत्ती असतात. वर चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून बांधलेल्या भिंती आहेत. सुमारे पंधराव्या ते सतराव्या शतकात इथे नांदते राज्य होते. १९९० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा सोन्याचे दागिने सापडले, चिनी मातीच्या भांड्याचे तुकडे सापडले, हिंदी महासागरावरच्या व्यापारातून आलेले काचेचे मणी सापडले. राजघराण्यातल्या दोन माणसांचे सांगाडे मिळाले. अभ्यास झाल्यावर ते सन्मानाने पुन्हा पुरले.

याच लिम्पोपोच्या काठी पश्चिमेला मापुंगुब्वे नावाची टेकडी आहे. तिथे १९३० च्या दशकात तेराव्या शतकातला सोन्याच्या पत्र्याचा गेंडा मिळाला, तळहातावर मावेल एवढा. २००३ मध्ये ते ठिकाण जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले. पण वर्णभेदाच्या काळातल्या शाळांत मुलांना शिकवत की गोरे आले तेव्हा ही जमीन रिकामीच होती.

हेच तर मर्म आहे. आधी माणसाला जमिनीवरून हाकलायचे, मग लिहायचे की इथे कोणी नव्हतेच. पण दगड खोटे बोलत नाहीत.

कागद परत आला

२७ एप्रिल १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा सर्वांनी मतदान केले. त्याच वर्षी जमीन परत देण्याचा कायदा झाला. १९ जून १९१३ नंतर वर्णभेदी कायद्यांमुळे ज्यांची जमीन गेली त्यांना दावा करता येईल, अशी त्यात तरतूद होती. मकुलेके लोकांनी १९९५ च्या डिसेंबरात दावा दाखल केला. वाटाघाटी झाल्या. १९९८ मध्ये तडजोड झाली आणि जमीन मकुलेके समाजाच्या नावावर झाली. एका माणसाच्या नव्हे, सगळ्या समाजाच्या सामाईक मालकीच्या संस्थेच्या नावावर.

आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा पुन्हा त्यांच्या नावाचा झाला.

इथे मी वाटाड्याला विचारले, "मग तुम्ही राहायला परत का आला नाहीत?"

त्याचे उत्तर सरळ होते. लोकांनी सभा घेतल्या, खूप वाद झाले. म्हातारे म्हणत, परत जाऊ. तरुण म्हणत, शाळा, रस्ता, दवाखाना इकडे आहे. सरकारला जंगल टिकायला हवे होते. शेवटी ५० वर्षांचा करार झाला. जमीन मकुलेकेंची, पण ती राखीव रान म्हणूनच राहील. तिथे खाण नाही, शेती नाही. देखरेखीसाठी उद्यान खाते आणि समाज यांचे संयुक्त मंडळ. लॉज उभारायचा हक्क समाजाचा. भाडे आणि नोकऱ्या समाजाला. पूर्वजांच्या थडग्यांपाशी जायचा हक्कही समाजाला.

सगळे गोड नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत पैसा उभा करायला थोड्या हत्तींच्या आणि रानरेड्यांच्या शिकारीची परवानगी विकली गेली. पुढे ती वाट सोडून पर्यटनाची धरली. मला शिकारीचे ऐकून वाईट वाटले, तसे मी बोललोही. वाटाड्या म्हणाला, "पोट रिकामं असताना घेतलेला निर्णय होता. पोट भरल्यावर बदलला." जानेवारी २०१३ च्या पुरात लुवुव्हूने काठावरचा लॉज वाहून नेला. २०२० मध्ये कोरोनाने पाहुणेच बंद झाले. पाहुणे नाहीत म्हणजे भाडे नाही, पगार नाही. एकाच धंद्यावर सगळे गाव टेकले की असे होते, हे गिरण्यांच्या संपानंतर आपणही पाहिले आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर माझा हात पुन्हा ताटाकडे गेला. तीच स्वागत करणारी बाई हसत आली. तिने ताट माझ्या हातातून घेतले आणि म्हणाली, "पाहुण्याने ताट उचलले तर घरवालीचा मान जातो." काम तेच, ताट तेच. पण इथे तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. मी निमूटपणे ताट तिला दिले. त्या रात्री मला झोप छान लागली.

आत्याबाईंच्या अंगणात

शेवटच्या दिवशी परतताना वाटाड्याने आम्हाला आपल्या गावी नेले. उद्यानाच्या दारापासून फार लांब नाही. लाल मातीचे रस्ते, विटांची घरे, शाळेच्या गणवेशातली मुले. त्याची आत्या अंगणात वाल निवडत बसली होती. सत्तरीच्या घरातली. मी हात जोडले. तिने दोन्ही हात हळूच जुळवून गुडघे किंचित वाकवले. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण मान कळत होता.

तिला मी विचारले, जुनी जागा आठवते का? वाटाड्याने तिचे बोलणे सांगितले. "आठवते. आमच्या दारात गोरखचिंच होती. घर जळलं, ती उभी राहिली. अजून आहे. वर्षातून एकदा जाऊन येते. पोरं मला विचारतात, जमीन मिळाली तर काय मिळालं? मी म्हणते, आता तिथं जायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

शेजारचा एक तरुण येऊन बसला होता. शिकलेला, पण नोकरी नाही. तो तावातावाने म्हणाला, लॉजमध्ये जागा मोजक्या आणि गावात पोरे शेकड्यांनी. मी सभेत दर वेळी उठून विचारतो, भाडे किती आले आणि कुठे गेले? त्याला वाटले मी त्याला गप्प बसायला सांगेन. मी म्हणालो, "विचारत राहा. हिशेब मालकच विचारतो. नोकराला तो विचारता येत नाही."

तो पहिल्यांदा हसला.

निघताना नातीने आत्याबाईंना 'इन्कोमू' म्हटले. त्यांनी तिच्या ओंजळीत मूठभर शेंगदाणे घातले.

बंधू-भगिनींनो, ही सहल आपल्याला परवडणारी नाही हे मी जाणतो. पण तुम्ही ताडोब्याला जा, महाबळेश्वरला जा, नाहीतर मुलांच्या शाळेच्या सहलीला जा. सुंदर जागा पाहिली की एक प्रश्न मुलांना विचारायला शिकवा: ही जागा कोणाची, इथे आधी कोण होते, आणि आज त्यांना काय मिळते? जनावरे वाचली पाहिजेत, रान वाचले पाहिजे, यात वादच नाही. पण त्यासाठी ज्याने घर दिले त्याचे नावही कागदावर राहिले पाहिजे.

घरी आलो तसा पहिल्यांदा ताईकडे गेलो. तिने गुडघ्याला तेल चोळता चोळता विचारले, "वाघ दिसला का रे?"

"तिकडं वाघ नसतो ताई. सिंह असतो. दिसला."

"अजून काय पाहिलंस?"

मी तिला घरे पेटवल्याची गोष्ट सांगितली. जमीन परत मिळाल्याचे सांगितले. ताई तेल चोळायची थांबली.

"आणि परत मिळाल्यावर तिथं घरं नाही बांधली?"

"नाही."

"कुणी बांधू दिली नाहीत?"

"नाही ताई. त्यांनीच सभा घेऊन ठरवलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग बाटलीतले तेल पुन्हा तळहातावर घेत म्हणाली, "त्यांनी ठरवलं ना? मग ठीक आहे."